डाव्या बाजूची बिजागरी

पप्पा, लॅपटॉप झाला. उघडतो, मिटतो, मध्ये कुठेही सोडला तरी तिथेच थांबतो. हे आधी सांगून टाकते, कारण आम्ही काहीही सांगायला बसलो की तुम्ही हात वर करायचात. "झालं का नाही, ते सांग पहिलं. स्टोरी नंतर." तर झालं. आता स्टोरी ऐका. या वेळी मध्येच उठून चहा ठेवायला जाता येणार नाही तुम्हाला.

काल तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तुम्ही कसे गेलात, किती वाजता, रिक्षा कुठे मिळाली, हे मी लिहिणार नाही. घरी आलेल्या प्रत्येकाला आई ते पहिल्यापासून सांगते, आणि दर वेळी एखादी गोष्ट थोडी वेगळी करून बघते, जणू त्याने शेवट बदलेल. माझ्यात तेवढा धीर नाही. मला लॅपटॉपबद्दलच बोलायचं आहे, कारण आपलं शेवटचं भांडण त्याच्यावरून झालं आणि तुम्ही ते अर्धवट टाकून गेलात.

माझ्या पहिल्या नोकरीतला तो लॅपटॉप. लग्न होऊन बदलापूरला गेले तेव्हा ऑफिसने दुसरा दिला होता, म्हणून हा अंबरनाथला तुमच्यापाशी ठेवला. वाटलं, रिटायर झालात, त्यावर भाषणं ऐकाल, जुन्या मॅच बघाल. तुम्ही मराठी टायपिंग शिकलात. दोन बोटांनी, एकेक अक्षर हुडकत. एमआयडीसीतल्या तुमच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या निम्म्या माणसांचे पेन्शनचे अर्ज त्याच्यावर झाले, विहाराच्या नोटिसा झाल्या, वधू-वर मेळाव्यासाठी लोकांच्या मुलींचे बायोडेटा झाले. झाकणावर तुम्ही पांढऱ्या पेंटने 'मशीन नं. १' असं लिहून ठेवलंत. मी म्हणाले, दुसरं मशीन कुठंय? तुम्ही म्हणालात, येईल की.

मागच्या ऑगस्टमधला तो रविवार. मी आले होते, मला ऑफिसचं एक पत्र काढायचं होतं. तुम्ही पलंगावर पेपर वाचत होतात. मी झाकण उचललं आणि डाव्या बाजूने काडकन आवाज आला. झाकणाचं प्लास्टिक फुगून उकललं, आतून पितळेचा एक इवलासा नट टेबलावर पडला आणि स्क्रीन एका कोपऱ्यातून लोंबायला लागला.

तुम्ही पेपर बाजूला केलात आणि म्हणालात, "एका हाताने उघडतात होय?"

मी म्हणाले, जुना झालाय, मोडणारच होता. तुम्ही म्हणालात, जुना मीपण झालोय, मी मोडलो का. तेव्हा आपण दोघं हसलो होतो. आता आठवलं की हसू येत नाही.

तिथून पुढे तुम्ही स्क्रीनच्या मागे तांदळाचा स्टीलचा डबा टेकवून काम करायला लागलात, आणि अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला डब्याची गोष्ट सांगायला लागलात. "मुलीने मोडला." मी समोर असले तरी. मी समोर असले की जास्तच. दोन-तीन रविवार मी चालवून घेतलं. मग चिडायला लागले. मी म्हणायचे, अहो, मी नुसतं झाकण उचललं. तुम्ही म्हणायचात, चाळीस वर्षं मशीन बघतोय, असं नुसतं उचलून काही मोडत नसतं. आई म्हणायची, बाप-लेकीला दुसरा विषय नाही का? नव्हता बहुतेक. माझं म्हणणं एवढंच होतं, की मी मोडलं नाही. लहान गोष्ट होती, पण खरी होती, आणि मला ती तुमच्या तोंडून ऐकायची होती.

मग डिसेंबरात माझ्या दिराची हळद. बदलापुरात आमच्या बिल्डिंगच्या खाली मांडव, सगळे पाहुणे बसलेले, मी काचेचे ग्लास भरलेला ट्रे घेऊन चाललेली. आणि तुम्ही माझ्या सासूबाईंना म्हणालात, "हिच्या हातात नाजूक काही देऊ नका ताई. आमचा लॅपटॉप असाच मोडला." सगळे हसले. सासूबाई तर त्या दिवसापासून मी कपबशी उचलली तरी म्हणतात, "जपून हं, तुझे पप्पा सांगून गेलेत." मी तुम्हाला मांडवाच्या मागे गाठलं आणि म्हणाले, मी आता अंबरनाथला येणार नाही. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "नको येऊ."

मी तीन महिने आले नाही. बदलापूर ते अंबरनाथ, एवढंसं अंतर. आले ती तुम्हाला पांढऱ्या कपड्यात बघायलाच आले.

मंगळवारी दुपारी घरात आम्ही तिघंच होतो, आई आणि आम्ही दोघं भाऊ-बहीण. रविवारी कार्यक्रम ठेवायचं ठरलं होतं आणि तुमच्या नावाने काय दान द्यायचं, याचं बोलणं चाललं होतं. आई म्हणाली, "ह्यांचा लॅपटॉप विहाराच्या अभ्यासिकेला द्यायचा. ह्यांनी तसं बोलून दाखवलं होतं." नितीन म्हणाला, "अगं पण तो मोडकाय. मोडकी वस्तू दानात कशी देणार? ताई, सोड ना यार, उल्हासनगर कॅम्पात स्पेअरमध्ये देऊन टाकू, अभ्यासिकेसाठी नया ले लेंगे." त्याचं चूक नव्हतं. पण आईला नवा नको होता. तुमची बोटं ज्यावर फिरली तोच तिला द्यायचा होता. मी म्हणाले, मी करते नीट.

"कर," आई म्हणाली. "तूच मोडलायस, तूच कर."

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं, पप्पा. तिच्यासाठी ती झालेली गोष्ट होती, पंखा जुना आहे म्हणावं तशी. तुम्ही इतक्या वेळा सांगून ठेवलं होतंत, की आता ते तुमच्यामागेही राहणार होतं. अभ्यासिकेत ठेवला तरी कुणीतरी कुणाला सांगणार होतं, हा त्यांच्या मुलीने मोडलेला. त्याच वेळी मी ठरवलं की रविवारच्या आत हा उघडणार, मिटणार, आणि माझ्या हाताने.

तुमची हत्यारांची पेटी काढली. जमिनीवर सतरंजी घातली. मिठाईच्या खोक्याचं झाकण घेतलं, त्यावर पेनाने लॅपटॉपचा आकार काढला आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथे भोक पाडून खोचत गेले. हे तुमचं. सहावीत असताना मी शिलाई मशीन खोलून ठेवलं होतं आणि स्क्रू वाटीत गोळा केले होते, तेव्हा तुम्ही ओरडला नव्हतात. वाटी रिकामी करून म्हणाला होतात, आता कुठला कुठे जातो सांग. दोन दिवस लागले मला. आईची शिलाई बंद, शेजारच्या बायका ब्लाउज मागायला दारात, आणि तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, थांबा, इंजिनियर काम करतेय. तुमच्याकडून मला जे मिळालं त्यातलं बरंचसं अशा बसून राहण्यात मिळालं. हे तुम्हाला कधी बोलले नाही.

स्क्रीनची चौकट जुन्या एटीएम कार्डाने सोडवली. डावीकडचं प्लास्टिक फुटलेलं, पितळी नट उखडून आलेले. ते ठाऊकच होतं. मग बिजागरी बोटांत धरून वळवायला गेले, तर ती वळेना. दोन्ही हातांनी नाही, फडक्यात धरून नाही. उजवीकडची बघितली, ती आरामात फिरत होती. मी डावी खिडकीपाशी उजेडात नेली आणि तिच्या टोकाच्या नटावर मला रेघ दिसली.

बारीक रेघ, नटावरून खालच्या पट्टीवर सरळ ओढलेली. मरून रंगाची.

ती रेघ कसली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. कंपनीत बोल्ट पूर्ण आवळून झाला की तुम्ही त्याच्यावर पेंटने रेघ ओढायचात, म्हणजे पुढच्या शिफ्टच्या माणसाला कळावं की हा बघितलेला आहे, आणि रेघ तुटलेली दिसली तर कळावं की बोल्ट फिरला. घरातही तेच. पंख्याच्या नटावर रेघ, पलंगाच्या बोल्टवर रेघ, कुकरच्या दांड्यावर रेघ. आणि हा मरून रंग तर माझ्याच नेलपेंटचा, लग्नाच्या वेळचा, आईच्या कपाटाच्या खणात राहिलेला.

मग मला जुलै आठवला. मी दोन दिवस राहायला आले होते. या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल करताना स्क्रीन सारखा मागे झुकत होता आणि मी नुसती म्हणाले होते, "पप्पा, हा मान टाकतो हो सारखी." झालं. मुलीला त्रास होतोय म्हटल्यावर तुम्ही मी गेल्यानंतर तो खोललात आणि नट आवळलात. आवळलात म्हणजे तुमच्या पद्धतीने आवळलात, दोनशे किलोच्या पंपाचा आवळावा तसा. आणि फक्त डावा. उजव्याला हात लावला नाहीत, कारण उजवीकडून स्क्रीनची वायर जाते. तुम्ही फिटर. वायर म्हणजे इलेक्ट्रिशियनचं काम, त्याच्या कामाला आपण हात लावायचा नाही, हा तुमचा कंपनीतला नियम, आणि तुम्ही तो घरातही पाळलात. एक बाजू जाम, एक बाजू सैल. सगळा जोर फुटक्या नशिबाच्या त्या डाव्या प्लास्टिकवर. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झालीच नसती, पप्पा. ती करायला तुमच्याइतका चांगला फिटर लागतो.

मी सतरंजीवर बसून हसले. मग रडले. मग मोठ्याने म्हणाले, "मी जिंकले." स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "काय गं?" मी म्हणाले, काही नाही.

ती रेघ बघूनही मला तुमचा राग आला नव्हता. मला वाटलं, तुम्हाला कळलंच नसेल. माझ्याच हातात मोडला म्हणून तुम्ही माझंच नाव घेतलंत. मी नट उघडून दाखवला असता तर तुम्ही चष्मा लावून बघितलं असतंत आणि डोकं खाजवून म्हणाला असतात, अरेच्चा. त्या एका 'अरेच्चा'वर मी सगळं सोडून दिलं असतं.

बुधवारी मी उल्हासनगरला गेले. कॅम्प एकमध्ये एका गल्लीत जुन्या लॅपटॉपचं सामान मिळतं, नितीनने पत्ता दिला होता. शटरएवढंच दुकान, भिंतभर रिकामी झाकणं रचलेली, आणि मध्ये कपाळावर चष्मा चढवलेले एक सिंधी काका. मी पिशवीतून झाकण काढलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, झाकणाकडे बघितलं.

"अरे, मशीन नंबर एक," ते म्हणाले. "ये तो अंबरनाथवाले अंकल का है. तू त्यांची मुलगी काय? अंकल कसे आहेत?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मला बसायला स्टूल दिलं, समोरच्या टपरीवर चहाची खूण केली. मग म्हणाले, "बहुत सीधे आदमी थे. दिवाळीच्या आधी आले होते. झाकण दाखवून विचारलं, हे झटक्याने तुटतं काय? मी हिंज हातात घेतला, बोललो, अंकल, झटका नाय, इसको किसीने टाइट किया है. इतना टाइट होगा तो फूल जैसा हाथ लगाओ, तो भी टूटेगा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बोले, मैंने किया. मग बोले, बेटी का है, अच्छा करके देना है. नवीन झाकण विचारायला दोन वेळा परत आले. इस मॉडल का आता ही नहीं, जुना माल आहे. मैं क्या करूँ?"

दिवाळीच्या आधी, पप्पा. म्हणजे ऑक्टोबरात. हळद डिसेंबरात होती.

मी चहा संपवला. पितळी नट घेतले, दोन ट्यूबांचा गोंद घेतला, रिक्षाने अंबरनाथला आले आणि लॅपटॉपचे सगळे तुकडे एका पिशवीत भरून नितीनच्या पुढ्यात टाकले. म्हणाले, दे भंगारात. तो म्हणाला, अगं काय झालं? मी तशीच वळले. आत जाऊन तुमच्या फोटोसमोर बसले आणि जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्हाला माहीत होतं. माझ्या सासरच्या मांडवात, माझ्या हातात ट्रे असताना, तुम्हाला पक्कं माहीत होतं की मी मोडला नाही. तरी तुम्ही बोललात. का? लोक हसतात म्हणून? एकदा सांगून बसलेली गोष्ट फिरवायची लाज वाटली म्हणून? की मुलगी आहे, ऐकून घेईल, म्हणून? या तिन्हींपैकी कुठलंही उत्तर दिलंत तर मी भांडले असते, पण भांडायला तुमच्याकडे आले असते.

गुरुवारी सकाळी उठले आणि पिशवी परत घेतली. राग गेला नव्हता. पण दुरुस्ती अर्धी सोडायची ही सवय मला तुम्ही लावलेली नाही. आणि मला तो आता तुमच्यासाठी करायचाच नव्हता. माझ्या नावाला लागलेलं पुसायला करायचा होता.

आधी बिजागरीचा नट. तुमच्या पेटीतला छोटा पाना, बिजागरी फडक्यात गुंडाळून पकडीत. पहिल्यांदा हलेना. मग करकर करत पाव फेरा सुटला आणि तुमची रेघ तुटली. मी थांबले. नंतर पाव पाव फेरा सोडत, दर वेळी हाताने वळवून, उजव्या बिजागरीशी ताडून बघत गेले. दोन्ही सारख्या झाल्या. मशीनचं दोन थेंब तेल घातलं. मग झाकणातले जुने तुकडे काढून गोंद कालवला, नवे पितळी नट जागेवर बसवले, वरून डबा ठेवला आणि पूर्ण एक दिवस हात लावला नाही.

शुक्रवारी जोडला, उघडला, आणि पितळी नट परत उखडले.

कारण कळायला वेळ लागला नाही. तेल मी आधी घातलं होतं आणि गोंद नंतर. तेल ओघळून प्लास्टिकवर पसरलं होतं, तेलावर गोंद धरतो का कधी? नितीन मागे उभा होता. मी त्याच्याकडे वळून म्हणाले, "माझी चूक झाली. तेल आधी घातलं." तो म्हणाला, "ठीके ना, इतना क्या." एवढंच असतं ते, पप्पा. बोलायला श्वासभर वेळ लागतो आणि समोरचा म्हणतो, ठीके ना.

आता हातात एक दिवस उरला होता. ते पातळ, चिरलेलं, तेल प्यायलेलं प्लास्टिक पुन्हा गोंदाने धरणार नव्हतं. मग तुमचा उपाय. तुमचा जगातल्या सगळ्या मोडलेल्या गोष्टींवरचा एकच उपाय: आरपार होल मार, बोल्ट टाक, मागे वॉशर लाव. आईच्या सुटकेसची मूठ तशी, मोरीच्या दाराची कडी तशी. पाचवीत माझ्या दप्तराचा पट्टा तुटला तेव्हा शिवून आणायचा सोडून तुम्ही त्यात दोन बोल्ट मारले होते. वर्गातल्या मुली मला बोल्टवाली म्हणायच्या. मी रडून घरी आले तर तुम्ही म्हणालात, "त्यांचा तुटेल तेव्हा विचार त्यांना." मी तेव्हापासून म्हणत आले, पप्पा, दिसायला पण बरं पाहिजे ना. आणि तुम्ही म्हणत आलात, टिकलं की बरंच दिसतं. हा वाद आपण इतकी वर्षं घातला की त्याचा निकाल लागेल असं दोघांनाही वाटत नव्हतं.

शनिवारी सकाळी स्क्रीन बाजूला काढून, तुमच्या हाताच्या ड्रिलने मी झाकणाला दोन होलं मारली. 'मशीन नं. १'च्या बरोबर बाजूला. बारीक बोल्ट, बाहेरून वॉशर, आतून बिजागरीची पट्टी आणि नट. बेताने आवळले, जिथे बोटाला पुरे वाटलं तिथे थांबले. खोक्याच्या झाकणावरचा एकेक स्क्रू जिथला तिथे गेला, एकही उरला नाही. लॅपटॉप उघडला. मध्येच सोडून दिला. तो तसाच उभा राहिला, मागे डबा नाही, काही नाही. दिसायला वाईट दिसतो. टिकेल. हा वाद तुम्ही जिंकलात, हे मान्य करते, आणि मान्य करताना माझं काही जात नाही, हेही तुम्हाला दाखवते.

काल विहारात जागा पुरली नाही, बाहेर पायऱ्यांवर माणसं बसली होती. तुमच्या पेन्शनवाल्या दोस्तांची तर रांग. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, मग लोक एकेक उठून तुमच्याबद्दल बोलायला लागले. भालेराव काका, तुमच्याबरोबर एकाच शिफ्टला होते ते, म्हणाले, "कंपनीत सगळे चूक झाली की दुसऱ्या शिफ्टवर ढकलायचे. हा एकटा माणूस सरळ साहेबाच्या केबिनमध्ये जायचा. साहेब, माझ्याकडून उलटं बसलं, म्हणायचा." लोकांनी माना हलवल्या. मी पण हलवली. साहेबासमोर तुम्हाला जमायचं, पप्पा. मग मीच एवढी मोठी कशी झाले, की माझ्यासमोर जमलं नाही?

मग नितीन उठला. लॅपटॉप हातात घेऊन म्हणाला, पप्पांच्या नावाने हा अभ्यासिकेला देतोय, आणि हलकंफुलकं करायला पुढे म्हणाला, "ताईनेच मोडला होता, ताईनेच नीट केलाय." माणसं जराशी हसली. सासूबाईही आल्या होत्या, त्याही हसल्या.

मी त्याच्या हातातून माईक घेतला. म्हणाले, "लॅपटॉप मी मोडला नाही. पप्पांनी बिजागरीचा नट जास्त आवळला होता, त्याने मोडला. मला त्रास होऊ नये म्हणून आवळला होता. नटावर त्यांची रेघ आहे, कुणाला बघायची असेल तर दाखवते. मी नट सैल केला आणि बोल्ट मारले. बोल्ट त्यांच्याच पद्धतीने मारलेत." एवढंच बोलले. ऑक्टोबर बोलले नाही, हळद बोलले नाही.

मग भालेराव काका बसल्या जागेवरून म्हणाले, "फिटर होता शेवटी. सैल बघवायचं नाही त्याला." आणि मग लोक हसले, डोळे पुसत हसले. सासूबाईंनी माझ्याकडे बघून मान खाली घातली. आई हसली नाही.

जेवणं उरकली, माणसं गेली. आई आणि मी विहाराच्या मागच्या अंगणात मोठी पातेली घासायला बसलो. मग आई हात थांबवून म्हणाली, "ह्यांना कळलं होतं का गं, आपल्या हातून झालंय ते?"

"हो."

"कधी?"

"दिवाळीच्या आधी."

तिने मनातल्या मनात महिने मोजले. मला दिसलं ते. "म्हणजे हळदीत..." एवढं म्हणाली आणि तिचा चेहरा असा झाला, जसा गेल्या इतक्या दिवसांत तुम्ही गेल्याचं सांगतानाही झाला नव्हता. "मग तुला सांगितलंच नाही त्यांनी? तसेच गेले?"

तुम्ही जायच्या आधीच्या आठवड्यात तुमचा एक फोन आला होता. आईनेच लावून तुमच्या हातात दिला होता आणि स्वतः बाहेर गेली होती, आपण मोकळं बोलावं म्हणून. दोन मिनिटं बोललो. बदलापूरला ऊन किती आहे, विचारलंत. मी म्हणाले, आहे. टोपी घालत जा, म्हणालात. मग थोडा वेळ दोघंही नुसते फोन धरून होतो. मग तुम्ही म्हणालात, "बरं. ठेवतो." त्या थोड्या वेळात तुम्ही काय बोलायला बघत होतात, ते मला माहीत नाही. कधीच कळणार नाही.

"सांगितलं ना," मी आईला म्हणाले. "त्या दिवशी फोनवर. म्हणाले, रूपा, चूक माझी होती, सगळ्यांसमोर तुला उगाच बोललो, माफ कर मला."

आई माझ्याकडे बघत राहिली. "असं म्हणाले?"

"असंच म्हणाले."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, ठीक आहे पप्पा."

तिने पदराने तोंड पुसलं. "मग बरंय," म्हणाली आणि पुन्हा पातेलं घासायला लागली.

तर पप्पा, तुमच्या वतीने माफी मीच मागितली आणि मीच दिली. आईसमोर झालंय. आता ते खरं धरायचं, तुम्ही पण आणि मी पण.